घाटात उभं राहून दगडाचं वय कसं वाचायचं: आधी क्रम, मग आकडा

प्रत्येक ट्रेक ग्रुपात एक जण असतोच जो कड्याकडे बोट दाखवून ठोकून देतो, "हे सगळं कार्बन डेटिंगने सिद्ध झालंय, साडेसहा कोटी वर्षं जुनं". आमच्या ग्रुपात तो माणूस मी होतो. माळशेजला, धुक्यात, हातात भाजलेलं कणीस, आणि सोबतची एक अकरावीतली पोरगी शांतपणे म्हणाली की काका कार्बन डेटिंग तर पन्नास हजार वर्षांपर्यंतच चालतं ना? आकडा माझा बरोबर होता, पद्धत साफ चुकीची, आणि बाकीचे सगळे हसले ते वेगळंच. त्यानंतर दोनेक वर्षं जमेल तसं वाचलं, घाटाघाटात फिरून बघितलं, आणि जे समजलं ते इथे एकेक पायरी करून लिहितोय. मी जिऑलॉजिस्ट नाही, त्यामुळे भाषा आपल्यासारख्यांचीच असेल.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण सगळा गोंधळ तिथेच होतो. पृथ्वीचा इतिहास मोजायच्या दोन वेगवेगळ्या भानगडी आहेत. एक म्हणजे क्रम, कोण आधी कोण नंतर, आणि दुसरी म्हणजे आकडा, किती वर्षं. क्रम तुम्ही-आम्ही डोळ्यांनी लावू शकतो, आकड्याला लॅब लागते. आणि आपण सगळे थेट आकड्यावर उडी मारतो.

पायरी १: मिलियन-बिलियन सोडा, कोटीत बोला

इंग्रजीत काहीही वाचलं की मिलियन बिलियन. सोपा उपाय, मिलियनला १० ने भागा, कोटी मिळतात. ६६ मिलियन म्हणजे ६.६ कोटी. बिलियन म्हणजे १०० कोटी, म्हणजे आपला अब्ज. पृथ्वीचं वय ४.५४ बिलियन, म्हणजे ४५४ कोटी. एकदा सगळं कोटीत आणलं की तुलना डोक्यातल्या डोक्यात होते. वर्तमानपत्रात बिलियनचं भाषांतर कधीकधी चक्क कोटी केलेलं असतं, म्हणजे शंभरपट चूक, त्यामुळे बातमी वाचतानासुद्धा हा हिशोब करून बघायची सवय लावून घ्या.

पायरी २: सुतळी आणा

४५४ कोटी हा आकडा वाचून कुणालाच काही वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. म्हणून स्केल करायचं. मी आधी आईची नऊवारी अंगणात पसरून प्रयोग केला पण ती साडेआठ मीटरच्या आतच संपली आणि वर ओरडा खाल्ला तो वेगळा, तेव्हा सरळ सुतळी घ्या, ९ मीटर ८ सेंटीमीटर. हिशोब असा की २ सेंटीमीटर म्हणजे १ कोटी वर्षं, म्हणून १ मिलिमीटर म्हणजे ५ लाख वर्षं. एका टोकाला गाठ मारा, ते आज. दुसरं टोक पृथ्वीचा जन्म.

आता आजच्या टोकापासून मागे मोजत स्केचपेनने खुणा करा. आपली माणसाची जात साधारण ३ लाख वर्षांची, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या थोडं पुढे, गाठीतच गेली ती. भारत आशियाला धडकून हिमालय उठायला लागला त्याला ५ कोटींच्या आसपास झाली, ते १० सेंटीमीटरवर. डायनासोर संपले आणि आपला सह्याद्रीचा कातळ ओतला गेला ते १३ सेंटीमीटरवर, म्हणजे सुतळीवर आपल्यापासून एक वीतसुद्धा लांब नाही. हाडं-कवचं असलेल्या प्राण्यांची गर्दी जिथून सुरू होते तो कँब्रियन काळ, ५३.९ कोटी, १ मीटर ८ सेंटीमीटरवर. मग हवेत ऑक्सिजन जमायला लागला ते जवळजवळ मधोमध, ४ मीटर ८० सेंटीमीटरला. सूक्ष्मजीवांच्या चटयांचे दगड झालेत ऑस्ट्रेलियात, ते साधारण ७ मीटरवर.

म्हणजे जन्माच्या टोकापासून सुतळीचे पहिले आठ मीटर भिंगाशिवाय दिसेल असं फारसं काही जगतच नव्हतं. आणि शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक? १६७४ म्हणजे साडेतीनशे वर्षं, सुतळीवर केसाच्या जाडीचा शंभरावा भाग. मी ही सुतळी घरात भिंतीला लावून ठेवलीय, पाहुणे विचारतात वास्तुदोषावर काय आहे का.

पायरी ३: घाटात जा आणि क्रम लावा

इथे आपण महाराष्ट्रातले लोक नशीबवान आहोत. डेक्कन ट्रॅप, म्हणजे लाव्हाचे एकावर एक थर, आज साधारण ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेत. ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आलाय, आणि माळशेज, वरंधा, आंबेनळी कुठल्याही घाटात समोरचा डोंगर बघा, खरंच जिन्यासारखा दिसतो. उभा काळा कडा, मग गवताचा उतार, परत कडा, परत उतार. लाव्हाच्या थराचा मधला भाग सावकाश थंड होतो म्हणून घट्ट आणि टणक, तो कडा बनतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकतात, तो भाग जाळीदार आणि ठिसूळ, तो झिजून उतार होतो. याच बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर पाण्यातून खनिजं जमतात, ज्याला आपण सगळेच सरसकट गारगोट्या म्हणतो, पण त्यात झिओलाइट वगैरे बरंच काही असतं. त्या गारगोट्या लाव्हानंतरच्या, कारण भोक आधी पडलं पाहिजे मग ते भरणार. बघा, एक क्रम लागला सुद्धा.

नियम पहिला, खालचा थर जुना, वरचा नवा. निकोलस स्टेनो नावाच्या डॅनिश माणसाने १६६९ मध्ये हे लिहून ठेवलं. ऐकायला इतकं साधं की यात लिहिण्यासारखं काय असं वाटतं, पण पोळ्यांच्या डब्यात सगळ्यात खालची पोळी आधी लाटलेली हे दगडांना लावायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं.

नियम दुसरा, जो कापतो तो नवा. कोकणात, धुळे-नंदुरबारकडे काही ठिकाणी आडव्या थरांना छेदून जाणारी भिंतीसारखी उभी दगडाची पट्टी दिसते, तिला डाइक म्हणतात. भेगेतून वर आलेला लाव्हा तिथेच थिजला. ज्या थरांना ती कापते ते आधी असायलाच हवेत.

नियम तिसरा माझा आवडता. दोन काळ्या थरांच्या मध्ये विटकरी लाल पट्टा शोधा, रस्ता रुंदीकरणात नव्याने कापलेल्या भागात तर छान दिसतो. अभ्यासक त्याला रेड बोल म्हणतात. एक लाव्हा आला, थंड झाला, मग बराच वेळ दुसरा आलाच नाही, तेवढ्यात वरचा भाग कुजून माती झाली, कधी त्यात ज्वालामुखीची राख येऊन पडली, आणि मग वरून पुढचा लाव्हा आला. म्हणजे तो पट्टा म्हणजे मध्ये गेलेला वेळ. आणि इथेच नवशिका फसतो, मीही फसलो होतो. आपल्याला वाटतं जाड थर म्हणजे जास्त वेळ. उलट असू शकतं, तीस मीटरचा कडा एका उद्रेकात भराभर झालेला असू शकतो आणि त्याच्या डोक्यावरचा हातभर लाल पट्टा हजारो वर्षं खाऊन बसलेला असू शकतो. दगडात वेळ सारख्या मापाने साठत नाही.

कधीकधी तर वेळ साठतच नाही. सिंधुदुर्ग, गोवा, विदर्भ अशा कडेच्या भागात ट्रॅपच्या खाली एकदम वेगळेच, फार जुने दगड निघतात. अनमोड घाटातले पट्ट्यापट्ट्यांचे नाइस दगड ३०० कोटींहून जुने आहेत. जिथे असल्या दगडावर थेट ६.६ कोटींचा लाव्हा बसलेला असतो तिथे त्या सांध्यावर बोट ठेवा, बोटाखाली दोनशेतीनशे कोटी वर्षं गायब. सुतळीवर चार ते सहा मीटर. जेम्स हटनला १७८८ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर सिकार पॉइंटला असाच सांधा दिसला होता, खाली उभे थर आणि वर आडवे, आणि तिथून पृथ्वी काही हजार वर्षांची आहे ही समजूत हलायला लागली.

आता दोन सापळे. पहिला, उंची म्हणजे नवेपणा नाही. सह्याद्रीच्या थरांच्या गटांना आपल्याच गावांची नावं आहेत, खालून वर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, मग खंडाळा, बुशे, मग पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा, देसूर. एखाद्या एसटीचे स्टॉप वाचल्यासारखं वाटतं. ही सगळी चळत दक्षिणेकडे अगदी किंचित कललेली आहे, एक अंशसुद्धा नसेल, पण शेकडो किलोमीटरमध्ये तेवढंही पुरतं. त्यामुळे नाशिककडून कोल्हापूरकडे गाडीने जाताना तुम्ही साधारणपणे जुन्यातून नव्यात जात असता. कळसूबाई राज्यात सगळ्यात उंच पण तिच्या नावाचा मोठा गट, म्हणजे जव्हार ते भीमाशंकर, चळतीत सगळ्यात खालचा, आणि पन्हाळा उंचीला महाबळेश्वरपेक्षा कमी तरी त्याचा थर महाबळेश्वरच्या वरचा.

दुसरा सापळा नदीचा. दरीत सगळ्यात खाली नदीकाठचा गाळ असतो, तो खाली आहे म्हणून जुना नाही, नदीने आधी डोंगर कापला आणि मग त्या खाचेत गाळ भरला. जुन्नर तालुक्यात बोरी गावाजवळ कुकडी नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका थर आहे, सोबत आदिमानवाची दगडी हत्यारं. ती राख आपल्या ट्रॅपची नाहीच, समुद्रापार सुमात्राकडून उडत आलेली मानतात. तिच्या वयाबद्दल १४ लाख, ६.७ लाख आणि ७५ हजार असे तीन आकडे वेगवेगळ्या अभ्यासकांनी दिलेत आणि त्यावर चांगलीच वादावादी झालीय. पण ट्रॅपपेक्षा ती नवी यावर कुणाचंच दुमत नाही, कारण क्रम समोर दिसतोय.

फक्त हातोडी घेऊन जाऊ नका. किल्ले आणि लेणी संरक्षित आहेत, घाटातल्या कड्याखाली दरडी पडतात, आणि बघायला हातोडी लागतही नाही. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जा, कडे धुतलेले असतात आणि धुकं गेलेलं असतं.

पायरी ४: लांबच्या दगडांची जोडी लावा, देवघरापासून सुरुवात करून

एका घाटातला क्रम लागला. पण इथला थर आणि तिकडे राजस्थानातला किंवा इंग्लंडमधला थर यात आधी कोण? तिथे जीवाश्म कामाला येतात. विल्यम स्मिथ नावाचा कालवे खणणारा सर्व्हेअर होता, त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक थरात ठराविकच शिंपले-शंख मिळतात आणि त्यांचा क्रम कुठेही गेलं तरी बदलत नाही, त्यावरून त्याने १८१५ मध्ये इंग्लंड-वेल्सचा नकाशा छापला. चांगला खूणगाठ-जीवाश्म कुठला, तर जो पटापट बदलत गेला, लांबवर पसरला आणि लगेच ओळखू येतो. त्यात अॅमोनाइट, म्हणजे वेटोळ्या शंखात राहणारा आता नामशेष झालेला समुद्री प्राणी, सगळ्यात भारी.

आणि अॅमोनाइट तुमच्या घरात असण्याची शक्यता आहे बरं का. शाळिग्राम. नेपाळात काली गंडकीच्या पात्रात मिळणारा काळा गुळगुळीत दगड, त्यात जे चक्र दिसतं ते अॅमोनाइटच्या शंखाचा ठसा, ज्युरासिक आणि क्रिटेशस काळातल्या समुद्रातला. तुळशीच्या लग्नात नवरदेव म्हणून जो बसतो तो हिमालयाच्या जागी समुद्र होता त्याचा पुरावा आहे. (बाजारात कोरलेले खोटेही फिरतात, सावध.) पूजेला धक्का न लावता एकदा भिंगातून बघा, खऱ्यात शंखाचे कप्पे दिसतात.

आपल्या लाव्हात अर्थातच जीवाश्म जवळजवळ नाहीत, उकळत्या लाव्हात कोण राहणार, जे आहेत ते दोन थरांच्या मधल्या तळ्यांच्या गाळात आणि खालच्या थरांत. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला ट्रॅपच्या लगेच खालच्या लॅमेटा थरांत डायनासोरची हाडं आणि विष्ठेचे दगड झालेले गोळे मिळतात. २००५ मध्ये त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण सापडल्याचं प्रसिद्ध झालं, तोवर डायनासोरच्या काळात गवत होतं याचा असा ठोस पुरावा नव्हता. मग सह्याद्रीतल्या थरांची जोडी कशी लावतात? केमिस्ट्रीने. प्रत्येक गटाच्या लाव्हाचा रासायनिक ठसा थोडा वेगळा, त्यावरून वरची इगतपुरी-बुशे-महाबळेश्वर यादी बनली.

पायरी ५: आता आकडा. त्यासाठी पन्नास चिंचोके

हा प्रयोग घरी कराच, मुलं असतील तर फारच छान. पन्नास चिंचोके मधोमध फोडा, सारीपाटाला फोडतात तसे, शंभर अर्धुकं होतील. एक बाजू पांढरी एक तपकिरी. सगळे मुठीमुठीने टाका, पांढरे पडलेले बाजूला काढा, उरलेले परत टाका. साधारण पन्नास उरतील, मग पंचवीस, मग बारा-तेरा. आता खोलीबाहेरच्या माणसाला बोलवा आणि दोन ढीग दाखवा, उरलेले बारा आणि काढलेले अठ्ठ्याऐंशी. तो न बघता सांगेल, तीन वेळा टाकलेत. कुठला चिंचोका कधी पांढरा पडेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, पण ढिगाचा हिशोब पक्का.

किरणोत्सारी अणूंचं हेच. निम्मे संपायला जो वेळ लागतो ते अर्धायुष्य, आणि प्रत्येकाचं वेगळं. कार्बन-१४ चं ५७३० वर्षं. म्हणून माझी माळशेजची चूक, ६.६ कोटी वर्षांत साडेअकरा हजार वेळा निम्मं निम्मं झालं असतं, काय उरणार डोंबल. शिवाय कार्बन-१४ एकेकाळी जिवंत असलेल्या गोष्टींना लागतं, लाकूड, हाड, धान्य, कोळसा. दगडी मूर्तीचं कार्बन डेटिंग केलं असं कुणी म्हणालं की विचारा, दगडाचं की सोबत सापडलेल्या कोळशाचं?

लाव्हासाठी पोटॅशियम-४०. अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं, त्यातला काही भाग आर्गॉन वायू होतो. युक्ती अशी की लाव्हा पातळ असताना आर्गॉन उडून जातो, म्हणजे घड्याळ शून्यावर येतं, आणि थिजल्यावर नवीन बनलेला आर्गॉन स्फटिकात अडकून राहतो. लॅबमध्ये तो मोजायचा. अडचण काय तर दगड नंतर कुजला, तापला की आर्गॉन थोडा निसटतो, घड्याळ मागे पडतं, दगड आहे त्याहून तरुण दिसतो. उलट जुना आर्गॉन आत राहून गेला तर म्हातारा दिसतो. म्हणूनच डेक्कनचे सुरुवातीचे आकडे पार विस्कटलेले होते, त्यावरून वाटायचं हा लाव्हा कोट्यवधी वर्षं वाहत होता. पुढे आर्गॉन-आर्गॉन ही सुधारलेली पद्धत आली, त्यात नमुना आधी अणुभट्टीत ठेवतात आणि मग टप्प्याटप्प्याने तापवून आर्गॉन कुठल्या टप्प्यात किती येतो ते बघतात, त्यामुळे बिघडलेलं घड्याळ पकडता येतं.

सगळ्यात भरवशाचं घड्याळ म्हणजे झिरकॉन नावाचा बारीक स्फटिक, वाळूच्या कणाएवढा किंवा त्याहून लहान. बनताना तो युरेनियम आत घेतो पण शिशाला जवळपास थाराच देत नाही. मग आत जे शिसं सापडेल ते युरेनियमपासूनच बनलेलं. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य ४४७ कोटी, युरेनियम-२३५ चं ७० कोटी, दोन वेगळ्या वेगाची घड्याळं एकाच डबीत, दोघांनी एकच वेळ दाखवली तर विश्वास ठेवायचा. हिशोब करून बघा, ६.६ कोटी वर्षांच्या झिरकॉनमध्ये शंभर युरेनियम-२३८ मागे जेमतेम एक शिशाचा अणू असतो. तो एक अचूक मोजणं हीच सगळी कमाल. काळ्या बसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या थिजलेल्या लाव्हाच्या दगडात, झिरकॉन सहसा मिळत नाही, पण मघाशी म्हटलेल्या लाल पट्ट्यांतल्या राखेत मिळतो. म्हणजे आपण गाडी न थांबवता जो लाल पट्टा मागे टाकतो त्यातच घड्याळ होतं.

आणि पृथ्वीचं ४५४ कोटी कुठून आलं? लॉर्ड केल्विनने १८६२ मध्ये तापलेला गोळा थंड व्हायला किती वेळ लागेल असं गणित मांडून २ ते ४० कोटी सांगितलं होतं. गणित चुकलं नव्हतं, पण पृथ्वीच्या पोटातला दगड हळूहळू ढवळला जातो हे त्याने धरलंच नव्हतं, आणि किरणोत्सर्ग तर तेव्हा कुणाला माहीतच नव्हता. आपल्या पृथ्वीवरचे अगदी सुरुवातीचे दगड उरलेलेच नाहीत, सगळे वितळून-झिजून परत वापरले गेले, ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचे झिरकॉन कण सगळ्यात जुने, ४४० कोटी. म्हणून क्लेअर पॅटरसनने अमेरिकेतल्या अॅरिझोनात पडलेल्या उल्केसह काही उल्कांमधलं शिसं मोजलं, कारण उल्का आणि पृथ्वी एकाच वेळच्या, आणि १९५६ मध्ये ४५५ कोटी, अधिक-उणे ७ कोटी असा आकडा दिला. त्याला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला तर हवेतल्या शिशाचा, नमुन्यात सारखं बाहेरचं शिसं शिरायचं, त्यावरून पुढे तो पेट्रोलमधल्या शिशाच्या मागे हात धुऊन लागला.

पायरी ६: दगडातलं होकायंत्र

हे छोटंच. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटतं, शेवटचं उलटलं साधारण ७.८ लाख वर्षांपूर्वी. लाव्हा थंड होताना त्यातले लोहखनिजाचे कण त्या वेळची दिशा पकडून बसतात. सह्याद्रीची बहुतेक चळत एकाच उलट्या काळात थिजलेली आहे, तो काळ अंदाजे ७ लाख वर्षांचा. १९८६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ कुर्तिलो आणि सहकाऱ्यांनी हे मांडलं तेव्हा कोट्यवधी वर्षांचा लाव्हा एकदम दहा लाखांच्या आसपास आला. सुतळीवर दहा लाख म्हणजे २ मिलिमीटर. बहुतेक सगळा सह्याद्री दोन मिलिमीटरमध्ये. आणि त्याच चुंबकत्वावरून हेही कळतं की तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती.

पायरी ७: तक्ता वाचायला शिका

आंतरराष्ट्रीय स्तरविज्ञान आयोगाचा रंगीत तक्ता नेटवर फुकट मिळतो, प्रिंट काढून सुतळीशेजारी लावा. मराठीत महाकल्प म्हणजे मोठा खण आणि कल्प म्हणजे त्यातला कप्पा. पुराजीव, मध्यजीव, नवजीव हे तीन महाकल्प, पुराजीव संपतो २५.२ कोटींना, मध्यजीव ६.६ ला. मध्यजीवात ट्रायासिक, ज्युरासिक, क्रिटेशस हे कल्प. आता आपल्या पुराणातला कल्प, ब्रह्मदेवाचा दिवस, ४३२ कोटी वर्षांचा, आणि तो पृथ्वीच्या वयाजवळ येतो म्हणून दर महिन्याला व्हॉट्सअॅपवर एक फॉरवर्ड येतोच. शब्द उसना घेतलाय, मोजमाप नाही. कुठला दगड मोजून ४३२ आलं हे त्या फॉरवर्डमध्ये कधीच नसतं.

कप्प्यांच्या सीमा आकड्यावर आखतात असं मला वाटायचं. नव्या कप्प्यांच्या बाबतीत तसं नाही, सीमा म्हणजे जगातल्या एका ठरलेल्या जागी, ठरलेल्या थरातला एक बिंदू, आकडा नंतर मोजतात आणि सुधारत राहतात. म्हणून जुन्या पुस्तकात ६.५ कोटी आणि नव्यात ६.६ दिसतं, सीमा हललेली नाही, घड्याळ सुधारलं. क्रिटेशसच्या शेवटाची जागा ट्युनिशियात एल केफला आहे, डायनासोर संपले तेव्हाच्या उल्कापाताचा, इरिडियम धातूचा थर आहे तिथे. आणि आपण आत्ता ज्या सगळ्यात लहान कप्प्यात आहोत त्याचं नाव मेघालयन! मेघालयातल्या मावम्लूह गुहेतल्या एका चुनखडीच्या खांबात ४२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळाची खूण आहे, तीच सीमा, २०१८ मध्ये मान्य झाली. मानवयुग म्हणून नवा कप्पा करायचा प्रस्ताव मात्र २०२४ मध्ये फेटाळला.

पायरी ८: आकडा दिसला की तीन प्रश्न

नक्की काय मोजलं, कुठल्या घड्याळाने, आणि अधिक-उणे किती. बातमीत यातलं काहीच नसेल तर आकडा डोक्यात पेन्सिलने लिहा.

दोन उदाहरणं देतो. २०१९ मध्ये एकाच वेळी दोन संशोधन लेख आले, दोन्ही सह्याद्रीवर. एका टीमने लाल पट्ट्यांतले झिरकॉन मोजले आणि म्हणाले लाव्हा चार मोठ्या लाटांत आला, त्यातली एक डायनासोर संपायच्या थोडी आधी. दुसऱ्या टीमने लाव्हाच्याच स्फटिकांतला आर्गॉन मोजला आणि म्हणाले नाही, लाव्हा बराचसा सलग आला आणि जवळपास पाऊण भाग उल्का पडल्यानंतर. दोघांची घड्याळं उत्तम, एकूण कालावधी दोघांचा दहा लाखांच्या आत, भांडण फक्त काही दहा हजार वर्षांच्या फरकाचं. साडेसहा कोटींवर बसून दहा हजारांवरून भांडता येतंय, हे मला स्वतःला जाम भारी वाटतं.

दुसरं लोणार. उल्का आदळून झालेला खड्डा, १.८ किलोमीटर व्यास. उष्णतेने वितळलेल्या तुकड्यांवर थर्मोल्युमिनिसन्सने (नमुना तापवल्यावर त्यातून निघणारा उजेड मोजून) ५२ हजार वर्षं आली, २०११ मध्ये आर्गॉन-आर्गॉनने ५ लाख ७० हजार. दहापटीहून जास्त फरक. पहिलं घड्याळ उष्णता मिळाली की शून्यावर येतं आणि मर्यादित काळच चालतं, दुसरं लांब पल्ल्याचं पण त्याच्यासाठी दगड पूर्ण वितळून जुना आर्गॉन बाहेर गेलेला असावा लागतो, आणि काचेत अर्धवट वितळलेला ट्रॅप राहिला तर ६.६ कोटींचा थोडा आर्गॉन हिशोबात घुसतो. दोन्ही आकडे तुम्हाला वाचायला मिळतील, बहुतेक ठिकाणी फक्त एकच दिलेला असतो आणि तोही अगदी ठामपणे.

लोणारला गेलात तर मंदिरं बघून झाल्यावर कडेकडेने थोडं चाला. एरवी राज्यभर सपाट पडलेले बसाल्टचे थर इथे काठावर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कललेत, आणि आघाताने उडालेला माल त्यांच्या डोक्यावर येऊन पडलाय, त्यात कुठे कुठे खालचा थर वर आणि वरचा खाली असं उलटलेलं दिसतं. स्टेनोचा नियम पाठ करून गेलेल्याची इथे मस्त फजिती होते. मग दुसरा नियम काढायचा, जो कापतो तो नवा. खड्ड्याने थर कापलेत, म्हणजे आधी लाव्हा मग खड्डा, आणि खड्ड्यात साचलेला तळ्याचा गाळ त्याच्याही नंतरचा. ५२ हजार घ्या नाहीतर पावणेसहा लाख, हा क्रम काठावर उभं राहून लावता येतो.